मे महिन्यातली सतरा माणसं आणि संडासाची टाकी

वाचकाचं पत्र

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात आहे. एरवी सासू-सासरे, मी आणि यजमान अशी चारच माणसं. मे महिन्यात मात्र दोन्ही दीर, नणंद आणि त्यांची मुलंबाळं मुंबईहून येतात आणि घरात सतरा माणसं होतात. यंदा सत्यनारायणाची पूजाही आहे, जेवायला शंभरेक माणसं असतील.

संडासाची टाकी चिऱ्याची आहे. तळाला काँक्रीट, आतून गिलावा. लांबी ५ फूट, रुंदी ३ फूट, खोली ५ फूट. बांधून नऊ वर्षं झाली, एकदाही उपसलेली नाही. मागीलदारी भारतीय बैठकीचा जुना संडास आहे. गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घरात कमोड बसवला, तेव्हा गवंड्याने न्हाणीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणीही त्याच टाकीत सोडलं. त्यानंतरच्या मे महिन्यात पाहुणे येऊन आठवडा झाला आणि संध्याकाळी वास सुटायला लागला. कमोडमधून गुडगुड आवाज यायचा, शोषखड्ड्याभोवतीची जमीन ओली व्हायची. जावांसमोर मला इतकी लाज वाटली!

शेजारचे म्हणतात, उन्हाने टाकीतले जंतू मरतात, ॲसिड ओता आणि नव्या जंतूंच्या पावडरीचं पाकीट टाका. एक जण टाकीत उतरून साफ करून द्यायला तयार आहे. पिण्याच्या पाण्याची विहीर शोषखड्ड्यापासून ३० फुटांवर आहे. पाहुणे यायला तीन आठवडे आहेत. काय करू?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात शेवटी आलेल्या एका वाक्याबद्दल आधी बोलतो, कारण बाकी सगळं तीन आठवड्यांत सावकाश करता येईल, पण हे आजच ठरवायला हवं. त्या माणसाला टाकीत उतरू देऊ नका. तो कितीही म्हणाला की मला सवय आहे, याआधी दहा टाक्या साफ केल्यात, तरी नाही.

टाकीच्या तळाशी साठलेला गाळ हलवला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड वायू एकदम मोकळा होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. थोडा असतो तेव्हा त्याचा वास येतो. जास्त झाला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला वाटतं की वास गेला, आता ठीक आहे. पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहतो, झाकण उघडून तासभर थांबलं म्हणून निघून जात नाही. पहिला माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. आपल्या राज्यातही अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. उन्हाळ्यात टाकीत वायू जास्त तयार होतो, म्हणजे धोकाही जास्तच.

कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टाकीत उतरवायला बंदी आहे. सांगणारा सरकारी अधिकारी असो, ठेकेदार असो की घरमालक, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण मी तुम्हाला दंडाची भीती घालत नाहीये. पिढ्यान् पिढ्या हे काम ठरावीक जातींच्या माणसांच्या गळ्यात घातलं गेलं आणि ती माणसं यात मेली. आपल्या घरातला एक महिना सुखाचा जावा म्हणून कोणाचा जीव पणाला लागता कामा नये. त्या माणसाला रोजगाराची गरज असेल, तर शोषखड्ड्याचा नवा चर खणायचं काम मी पुढे सांगणार आहे, ते त्याला द्या.

आता टाकीकडे वळू. गेल्या मे महिन्यात नेमकं काय बिघडलं, ते तुम्हीच पत्रात लिहून ठेवलंय. गवंड्याने न्हाणीचं आणि मशीनचं पाणी टाकीत सोडलं, हेच ते वाक्य.

सेप्टिक टाकीचं काम दोन टप्प्यांत चालतं. मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर तरंगून साय धरतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पलीकडच्या पाइपाने शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू पचवतात. या सगळ्याला लागतो तो निवांतपणा. पाणी टाकीत किमान एक दिवस तरी थांबायला हवं. ते थांबलं नाही तर गाळ बसण्याआधीच पाण्याबरोबर वाहून शोषखड्ड्यात जातो आणि जमिनीची भोकं बुजवतो. वास, गुडगुड, ओली जमीन ही सगळी त्याचीच पुढची पायरी.

तुमच्या टाकीचा हिशेब करून बघू. ५ फूट लांब, ३ फूट रुंद आणि पाण्याची खोली ४ फूट धरली, तर साधारण १,७०० लिटर पाणी मावतं. भारतीय मानक २४७० मध्ये दहा माणसांसाठी २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याच्या खोलीची टाकी सांगितली आहे, ती दोन वर्षांनी उपसायची या हिशेबाने. तिची क्षमता १,८०० लिटर होते. म्हणजे तुमची टाकी दहा माणसांच्या जवळपासची आहे, चार माणसांना भरपूर. पण नऊ वर्षं उपसलेली नाही. अर्धी गाळाने भरली असेल असं धरू, तर पाण्याला जागा उरते ८५० लिटर.

आता सतरा माणसं. प्रत्येकी दिवसाला पाच वेळा, म्हणजे ८५ वेळा. जुन्या पद्धतीचा १० लिटरचा फ्लश असेल तर ८५० लिटर. शिवाय सतरा जणांच्या आंघोळीचे प्रत्येकी ३० लिटर धरले तर ५१० लिटर आणि वॉशिंग मशीनचे दोनशे. एकूण दीड हजाराच्या वर. ८५० लिटरच्या जागेतून दिवसाला दीड हजार लिटर पाणी धावत असेल, तर ते जेमतेम अर्धा दिवस थांबतं. त्याउलट न्हाणी आणि मशीन टाकीपासून तोडलं आणि संडासात बादलीने सरासरी ४ लिटर पाणी टाकलं, तर दिवसाचे ३४० लिटर होतात. त्याच अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी अडीच दिवस थांबतं, उपसलेल्या टाकीत पाच दिवस. माणसं तीच, टाकी तीच. फरक फक्त पाण्याचा.

म्हणून लाज वाटून घेऊ नका. तुमच्या स्वच्छतेत काही कमी नव्हतं. चार माणसांच्या सवयीची टाकी सतरा माणसांची न्हाणी झेलत होती.

उन्हाने जंतू मरतात हा समज मी रत्नागिरीपासून दोडामार्गापर्यंत सगळीकडे ऐकला आहे. टाकी जमिनीच्या पोटात असते, तिथलं तापमान बाहेरच्यासारखं चढत-उतरत नाही. शिवाय हे जिवाणू साधारण ३५ अंश सेल्सिअसला सर्वांत जोमात काम करतात. उन्हाळा त्यांचा हंगाम आहे. पचन वाढतं म्हणून वायूही वाढतो, आणि वायूचे बुडबुडे तळाचा गाळ वर उचलतात. अशात वरून पाण्याचा लोंढा आला की तो उचललेला गाळ सरळ बाहेर जातो. उन्हाळ्यातल्या वासाचं कारण हे आहे. जिवाणू मेले असते तर उलट वायू कमी झाला असता.

यातून ॲसिडचं उत्तर मिळतंच. काम करणारे जिवाणू ॲसिडने, ब्लीचिंगने, फिनेलच्या बाटल्यांनी मरतात. आठवड्यातून एकदा कमोड घासायला थोडं क्लीनर वापरलं तर टाकीला काही होत नाही, पण वास आला की बाटली ओतायची ही सवय टाकी मारते. शिवाय ॲसिड चिऱ्याचा गिलावा आणि काँक्रीट खातं. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद संडासात तो फुप्फुसं जाळतो. हे तुमच्या जावांनाही सांगून ठेवा, कारण पाहुण्या बायका मदत म्हणून संडास घासायला घेतात आणि हाताला येईल ते दोन्ही टाकतात.

पावडरीच्या पाकिटाने नुकसान होणार नाही, पण पैसे वाया जातील. माणसाच्या मैल्यात लागणारे जिवाणू असतातच, रोज नवे येतात. टाकी नवी असेल किंवा पूर्ण धुऊन काढली असेल, तरच सुरुवातीला थोडं कुजलेलं शेण कालवून टाकायला हरकत नाही. पाकिटाचे पैसे गाडीवाल्याला द्या.

गाडी म्हणजे मैला उपसणारा सक्शन टँकर. तो याच आठवड्यात बोलवा. जवळच्या नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत चौकशी करा, ग्रामपंचायतीलाही नंबर माहीत असतो. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. पाइप किती लांब आहे हे पहिलं, कारण आपल्याकडच्या पाणंदी अरुंद, दोन्ही बाजूंना गडगे आणि घर आत. रस्त्यापासून टाकीचं अंतर आधी मोजून ठेवा. दुसरं, उपसलेला मैला कुठे रिकामा करणार? व्हाळात, सड्यावर किंवा कोणाच्या बागेत ओतणार असेल तर दुसरा बघा. तो व्हाळ पावसाळ्यात कोणाच्या तरी विहिरीकडेच जातो. तिसरं, तळाचा गाळ काढणार की वरचं पाणी ओढून निघून जाणार? पुष्कळ ठिकाणी हे दुसरंच घडतं. टँकर भरला, पैसे घेतले, गाळ जागेवर. यजमानांनी दूर उभं राहून बघावं, तळाचा काळा घट्ट गाळ पाइपात येतोय का ते दिसतं. थोडासा गाळ मात्र टाकीत राहू द्या, पुढच्या पचनाला विरजण म्हणून तो लागतो. झाकणं उघडी असताना जवळ विडी, सिगारेट, काडेपेटी नको, मिथेन वायू पेट घेतो. पोरंटोरं आणि गुरं त्या बाजूला फिरकू देऊ नका.

दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची सवय आपल्याकडे नाही. तुंबली की धावायचं, हीच रीत. साताऱ्यातल्या वाई नगरपरिषदेने २०१८ पासून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी ठरल्या वेळी उपसायची पद्धत सुरू केली, नंतर नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही. तुंबण्याची वाट न बघता गाडी दारात येते आणि मैला प्रक्रिया केंद्रावर जातो. आपल्या तालुक्यातही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. ग्रामसभेत हा विषय काढायला कोणी उठत नाही, कारण बोलायची लाज वाटते. तुम्ही काढा.

टाकी उपसल्यावर ती रिकामी ठेवायची नाही, बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत पाण्याने भरायची. मे महिन्यात एवढं पाणी आणायचं कुठून, असं तुमच्या मनात येईल. त्याची सोय आहे. न्हाणीचं आणि मशीनचं पाणी तुमच्या टाकीत येतंच आहे, ते चार-पाच दिवस तसंच येऊ द्या. टाकी भरली की मग ती जोडणी तोडायची. (ज्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या आहेत त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. रिकामी प्लास्टिकची टाकी पहिल्या मुसळधार पावसात जमिनीतून वर उचलली जाते आणि पाइप तुटतात.)

न्हाणीचं पाणी पूर्वी जिथे जात होतं तिथेच जाऊ दे, माडांना आणि केळींना. एक छोटा चर खणून, त्यात विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणांचा थर देऊन पाणी सोडलंत की ते साचत नाही, डासही होत नाहीत. फार साबण असेल तर आज या झाडाला, उद्या त्या झाडाला असं वळवा. अळू, पालेभाजी या पाण्यावर नको. स्वयंपाकघरातल्या मोरीचं तेलकट पाणी टाकीत कधीच सोडू नका. पूजेच्या दिवशी पत्रावळी, उरलेला भात, आमटी यांतलं काहीही संडासात किंवा टाकीकडे जाणाऱ्या चेंबरमध्ये जाता कामा नये. शंभर माणसांच्या त्या दिवसासाठी मंडपवाल्याकडे किंवा नगरपंचायतीकडे फिरतं शौचालय भाड्याने मिळतं का बघा. नाही मिळालं तर वाडीतल्या दोन-तीन घरांशी आधीच बोलून ठेवा. लग्नसराईत सगळेच एकमेकांना भांडी-सतरंज्या देतात, संडास द्यायलाही कोणी नाही म्हणणार नाही.

वास कुठून येतो ते शोधायला टाकीवरून वर गेलेला वायूचा पाइप बघा. त्याच्या तोंडाला जाळी असते, ती हवीच, नाहीतर टाकीतल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात आणि पाइपातून बाहेर येतात. हत्तीरोग पसरवणारा डास तोच. पण त्याच जाळीवर कोळिष्टकं जमतात, कुंभारमाशी मातीचं घर बांधते आणि पाइप बंद होतो. मग वायूला जागा मिळत नाही, तो कमोडच्या पाण्यातून वर येतो, तुमच्या गुडगुडीचं हेही एक कारण असू शकतं. शिडी लावून जाळी साफ करा, फाटली असेल तर नवी बांधा. पाइप घराच्या छपराच्या वर निदान २ मीटर जायला हवा. खिडकीच्या उंचीवर संपणारा पाइप मी अनेक घरांत पाहिला आहे. वास आला म्हणून त्याला बूच मारणारेही पाहिले आहेत, ते तर अजिबात करू नका. संध्याकाळीच वास का, तर दिवसभर समुद्राकडून येणारा खारा वारा पडतो आणि रात्रीचा मतलई वारा सुटेपर्यंत मधला काळ हवा अगदी स्तब्ध असते. पाइप आखूड असला की त्या वेळी वायू अंगणातच रेंगाळतो. उंच पाइपाने हा त्रास बराच कमी होईल.

वास फक्त एखाद्या मोरीतून किंवा वापर नसलेल्या बाथरूममधून येत असेल तर टाकीकडे जायची गरजच नाही. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी उन्हाने आटलेलं असतं. ते पाणीच वायूला अडवतं. दोन तांबे पाणी ओता, वास थांबेल. तुमच्या दिरांचं मुंबईचं घर महिनाभर बंद राहणार असेल, तर निघताना प्रत्येक जाळीत पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल तेल टाकायला सांगा. तेलाचा तवंग पाणी लवकर उडू देत नाही. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांना हे कोकणापेक्षा जास्त लागू आहे. तिथे कोरड्या हवेत ट्रॅप आठवड्यातही आटू शकतो. आणि त्यांच्या कूलरचं सांडपाणी टाकीत जात असेल तर तेही बाहेर काढा.

पाहुण्यांना काय सांगायचं, याचा तुम्हाला संकोच वाटेल हे मला कळतं. मोठ्या जाऊबाईंना विश्वासात घ्या आणि सगळ्यांना एकदाच, जेवणं झाल्यावर, सरळ सांगा. विहिरीचं पाणी कमी आहे आणि टाकी लहान आहे, एवढं कारण पुरेसं आहे. कमोड सासूबाईंना आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना, बाकीच्यांनी मागीलदारचा संडास वापरायचा, तिथे बादली आणि टमरेल भरून ठेवलेलं असेल. कमोडच्या फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या बूच घट्ट लावून उभ्या करा, प्रत्येक वेळी दोन लिटर वाचतील.

दोन्ही संडासांत झाकणाचा डबा आणि शेजारी जुनी वर्तमानपत्रं ठेवा. सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, ओले वाइप्स, कापूस, केसांचे गुंते हे सगळं कागदात गुंडाळून डब्यात. वाइप्सच्या पाकिटावर संडासात टाकले तरी चालतील असं छापलेलं असतं, ते मानू नका. ते विरघळत नाहीत, बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी अडकतात. पुरुषांनी पॅडचा विषय निघाल्यावर उठून जायचं कारण नाही. टाकी सगळ्यांची आहे.

आणखी एक गोष्ट यजमानांच्या हाती द्या. पाहुण्यांच्या गाड्या अंगणात लागतात, त्यातली एखादी टाकीच्या झाकणावर उभी राहते. टाकीतला वायू ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतो आणि स्लॅबमधली सळी आतून गंजवतो. वरून झाकण धड दिसतं. नऊ वर्षांची स्लॅब बघून घ्या. भेगा असतील, गंजाचे डाग असतील, पाऊल टाकल्यावर पोकळ आवाज येत असेल तर उपसणीच्या वेळीच नवी झाकणं टाका. टाकीच्या चारी बाजूंना दगड मांडा किंवा दोरी बांधा. गाडी नको, मांडवाचा खांब नको, पोरांचा क्रिकेटचा पीच तर मुळीच नको. सुट्टीत मुलं कुठेही उड्या मारतात. दुर्दैवाने कोणी आत पडलंच, तर मागोमाग कोणीही उतरायचं नाही. ११२ ला फोन करायचा, दोर सोडायचा, बाहेरून ओढायचं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आता शोषखड्डा आणि विहीर. मला तुमच्या पत्रातली खरी चिंता इथे वाटते.

मे महिन्यात जमीन कोरडीठक्क असते. शोषखड्ड्याला वर्षातले सर्वांत सोपे दिवस हेच. अशा दिवसांतही त्याच्याभोवती ओल येत असेल, तर त्याचे दगड आणि भोवतीची माती गाळाने बुजली आहे. जूनमध्ये जमीन भरली की तो पाणी अजिबात घेणार नाही. टाकी उपसल्याने तुमचे पाहुणे निभावतील, पावसाळा निभावणार नाही. त्यामुळे खड्डा बदलायचं कामही पावसाआधीच करावं लागेल.

आणि तो आहे त्या जागी पुन्हा बांधायचा नाही. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात मानकाप्रमाणे किमान १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट अंतर हवं. तुमच्याकडे त्याच्या निम्मं आहे. आपला जांभा चाळणीसारखा सच्छिद्र, त्यात भेगा. दाट मातीत पाणी हळूहळू गाळलं जातं आणि रोगजंतू वाटेत मरतात, जांभ्याच्या भेगेतून मात्र ते न गाळता पुढे जाऊ शकतं. सतरा माणसांचं पाणी काढताना विहिरीची पातळी खाली जाते, मग भोवतीचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं. याच दिवसांत शोषखड्ड्यावर ताणही सर्वांत जास्त असतो.

नवी जागा विहिरीपासून ६० फुटांच्या पलीकडे आणि उताराच्या खालच्या अंगाला निवडा. घरापासूनही २० फूट दूर हवी. कोकणात पावसाळ्यात पाणी जमिनीच्या अगदी वर येतं, म्हणून खोल खड्ड्यापेक्षा उथळ चर बरा. अडीच-तीन फूट खोल, दोन फूट रुंद, जागा असेल तितका लांब चर खणायचा. त्यात खडी, मधून भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, पुन्हा खडी, वर जुनं पोतं आणि माती. पाइपाला अगदी हलका उतार. वरच्या मातीच्या थरात पाणी पसरतं आणि तिथली माती, मुळं, जिवाणू त्याला जास्त चांगलं गाळतात. चरावर गवत राहू दे, भाजीपाला नको. फणस-आंब्यासारख्या मोठ्या झाडापासून दूर ठेवा, उन्हाळ्यात मुळं पाण्याच्या शोधात पाइपाच्या सांध्यात शिरतात. जुना खड्डा माती टाकून बुजवा.

जागेअभावी ६० फूट मिळतच नसतील, तर मिळेल तेवढं जास्तीत जास्त अंतर घ्या आणि पिण्याचं पाणी नळयोजनेचं वापरा. विहीर धुण्या-शिंपण्याला ठेवा.

या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय पाहुण्यांना देऊ नका. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुना घेतो. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण दिलेलं आहे, त्यांच्यापैकी कोणी तुमच्या ओळखीच्या असतील. छोट्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवतात, ते काळं पडलं तर पाण्यात मैल्याचे जंतू आहेत असं धरायचं. निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळा. नायट्रेटची तपासणीही प्रयोगशाळेतून करून घ्या. नणंदेचं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि त्याला बाटलीचं दूध असेल, तर या विहिरीचं पाणी त्याला उकळूनही देऊ नका, कारण नायट्रेट उकळल्याने जात नाही.

एकदा आता तपासा आणि एकदा पावसाच्या पहिल्या चार-पाच मोठ्या सरींनंतर, साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. उन्हाळाभर जमिनीत अडकून बसलेली घाण पहिला पाऊस विहिरीकडे ढकलतो, त्यामुळे मे महिन्यात चांगलं आलेलं पाणी जूनमध्ये खराब येऊ शकतं. बाटली काळी पडली तर जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या आणि आठ दिवसांनी पुन्हा नमुना द्या. दुसऱ्यांदाही काळी पडली, तर विहिरीची आणि नव्या चराची जागा, अंतरं आणि अंगणाचा उतार दाखवणारा हाताने काढलेला नकाशा मला पाठवा.